पाय टेकतात का?



शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पहिला असायचो. हुशारीमुळे नव्हे, उंचीमुळे. रांगा उंचीप्रमाणे लागत आणि माझ्यापुढं फक्त झेंड्याचा खांब असे. पुढं आयुष्यात बरंच काही वाढलं, पण उंची पाच फूट दोन इंचांवर थांबली ती थांबलीच. बसमधला वरचा दांडा, लोकलमधली कडी, घरातला माळा, या सगळ्यांशी मी केव्हाच तडजोड केली आहे. एकाच बाबतीत मन ऐकत नव्हतं. मला उंच मोटारसायकल हवी होती.

उंच म्हणजे जिला अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात ती. पुढचं चाक मोठं, त्यावर पक्ष्याच्या चोचीसारखा मडगार्ड, हँडल रुंद, आणि पोटाखालून दगडधोंडे निघून जातील एवढी मोकळी जागा. या गाड्यांचं कूळ शोधायला गेलं तर १९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं काढलेल्या आर ८० जीएसपाशी जावं लागतं. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, ह्युबेर ऑरिऑलनं बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली आणि या घाटाच्या गाड्यांची हौस जगभर पसरली. वाळवंटात चाक भरपूर वर-खाली व्हावं लागतं, म्हणून शॉकअप लांब. शॉकअप लांब, म्हणून सीट उंच. तेव्हा ही उंची दिखाऊ नाही, तिला कारण आहे. एवढंच, की ज्यांनी ती ठरवली त्यांनी आपल्या लोकांचे पाय मोजले नव्हते. आपल्याकडच्या पुरुषांची सरासरी उंची पाच फूट पाच इंचांच्या आसपास भरते आणि बायकांची पाच फुटांच्या. म्हणजे ही अडचण माझ्या एकट्याची नाही.

कोणी विचारील, वसईत राहून असली गाडी हवी कशाला? पावसाळ्यात एकदा नालासोपाऱ्याहून वसई फाट्यापर्यंत जाऊन यावं, उत्तर मिळेल. पण गंमत सोडा. आमच्या दारातून महामार्गावर आलं की तुंगारेश्वर जवळ, शिरसाडहून आत वळलं की वज्रेश्वरी-गणेशपुरी, आणि मनोरवरून विक्रमगडमार्गे जव्हार. पाऊस पडून गेला की जव्हार-मोखाड्याच्या बाजूला जे हिरवं दिसतं ते बघायला दरवर्षी जावंसं वाटतं, आणि तिथले पाड्यांकडे जाणारे रस्ते साध्या गाडीला नकोसे करून सोडतात.

तर २०२१ साली मी अशी एक गाडी घेतली. जुनी, तीन वर्षं वापरलेली. तिचं नाव सांगत नाही, कारण तिचा दोष नव्हता. विकणारा भला माणूस होता. त्यानं मला एकच प्रश्न दोनदा विचारला, "पाय टेकतात ना?" मी दोन्ही वेळा "हो, हो" म्हणालो. मी त्या दिवशी मुद्दाम जाड तळाचे बूट घालून गेलो होतो. त्याच्या अंगणातल्या सपाट फरशीवर दोन्ही पायांचे चवडे कसेबसे लागत होते. शेजारी त्याचा मुलगा उभा होता, सहा फुटी. त्याच्यासमोर "नाही टेकत" असं म्हणायची माझी छाती झाली नाही. एवढ्या क्षुल्लक लाजेपायी पुढचं सगळं घडलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात आम्ही दोघं गणेशपुरीला निघालो होतो. शिरसाडवरून आत वळल्यावर एका ठिकाणी पुढचा ट्रक थांबला, मी थांबलो. वेग शून्य. डावा पाय खाली टाकला. रस्त्याच्या कडेला गढूळ पाणी साचलं होतं आणि पाण्याखाली कड खचलेली होती. जिथं जमीन असायला हवी तिथं ती वीतभर खाली होती. पाय टेकलाच नाही. गाडी डावीकडे कलली, मागं बायको, आणि एकदा ठरावीक कोनापलीकडे गेलेली गाडी भीमालाही सावरता येत नाही. मला खरचटलंदेखील नाही. तिच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पडल्याचं काही नाही हो. पण पाय पोचत नाहीत हे तुम्हाला घेतानाच ठाऊक होतं ना?"

ती गाडी मी महिन्याभरात विकली. दोन वर्षं या विषयावर घरात शब्द निघाला नाही. मग एका पावसाळ्यात तिनंच काढला. म्हणाली, "घ्या तुम्ही गाडी. पण या वेळी मी बरोबर येणार." त्यानंतरच्या पाच-सहा महिन्यांत आम्ही दोघांनी वसई, विरार, बोईसर, ठाणे इथल्या मिळून चौदा जुन्या गाड्या पाहिल्या. जे शिकलो ते आता सांगतो.

पहिल्यांदा स्वतःचा पाय मोजा. उंची नव्हे, पाय. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. माझा पाय भरला ७१ सेंटिमीटर. सारख्या उंचीच्या दोन माणसांत इथं चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो. शेजाऱ्याला जमते ती गाडी म्हणूनच तुम्हाला जमेल असं नाही, आणि उलटंही.

आता कागदावरचे आकडे. रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ ही २०१६ ते २०२३ या काळात निघाली. तिची सीट ८० सेंटिमीटर. हिरोची एक्सपल्स २०० आली मे २०१९ मध्ये, सीट ८२.३. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ ची, सीट ८३.५. आपल्या चाकणला बनणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० साली आली तेव्हा तिची सीट होती साडेपंच्याऐंशी. हे वाचून मी पहिल्यांदा हाच हिशेब केला की सगळ्यांत बुटकी ती माझी. हा हिशेब चुकीचा निघाला, आणि का चुकीचा हे नीट सांगण्यासारखं आहे.

सीटचा आकडा गाडी रिकामी उभी असतानाचा असतो. माणूस बसला की शॉकअप दबतो. चाकाचा एकूण वर-खाली होण्याचा जो पल्ला, त्याचा पाव ते तिसरा हिस्सा नुसत्या बसण्यानं खर्ची पडावा असा साधारण हिशेब आहे. एक्सपल्सच्या मागच्या चाकाचा पल्ला १७ सेंटिमीटर आहे, म्हणजे सीट चार-पाच सेंटिमीटर खाली यायला हवी. पण बुटकी माणसं बहुधा हलकीही असतात. माझं वजन ५६ किलो. आधीचा मालक ८० किलोचा असेल आणि त्यानं मागच्या स्प्रिंगचा ताण सामान लादण्यासाठी वाढवून ठेवला असेल, तर माझ्या वजनाला ती गाडी जागची हलत नाही. आम्ही पाहिलेल्या चौदांपैकी तीन गाड्यांत असं होतं. स्प्रिंगचा ताण खालच्या खाचेवर आणला की विनाखर्च बोटभर उंची कमी होते. मेकॅनिककडे त्याचा आकडेवाला पाना असतो, पाच मिनिटांचं काम. विकणाऱ्याला आधी हे करायला सांगा, मग बसून बघा.

दुसरी गोष्ट सीटची रुंदी. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी आडवी खर्च होते. एक्सपल्सची सीट आकड्यानं हिमालयनपेक्षा उंच, पण पुढच्या बाजूला अरुंद. माझे चवडे दोन्हींवर जवळपास सारखेच टेकले. हे कुठल्याही तक्त्यात सापडत नाही, बसूनच कळतं.

आणि तिसरी गोष्ट वजनाची. माझ्या मते सगळ्यांत मोठी. हिमालयन ४११ चं वजन सुरुवातीच्या गाड्यांत १८० किलोच्या थोडं वर होतं आणि २०२० नंतरच्या गाड्यांत ते जवळपास २०० पर्यंत गेलं. एक्सपल्स २०० दीडशेच्या थोडी वर. म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ एका गोणीचा फरक. उंच माणूस दोन्ही तळवे रोवून उभा राहतो, त्याला हा फरक जाणवत नाही. चवड्यावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी कलायला लागली की सावरायला फार थोडी जागा असते, आणि तेवढ्या जागेत वजन हेच सगळं ठरवतं. हिमालयनची बाजूही सांगायला हवी. तिचं वजन खाली बसलेलं आहे, हायवेवर ती अधिक निवांत चालते, आणि ज्याचा पाय ७५-७६ सेंटिमीटर आहे त्यानं ती जरूर बघावी. माझ्यासाठी ती नव्हती.

छोट्या इंजिनाची गाडी घेतली म्हणून कमीपणा वाटून घेऊ नये. लोईस प्राइस नावाची ब्रिटिश बाई २००३ साली अलास्काहून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेली, ती यामाहाच्या २२५ सीसीच्या हलक्या गाडीवर. आपल्याला तर जव्हारला जायचं आहे.

एक सावधगिरी. नाव तेच असलं तरी गाडी तीच असते असं नाही. एक्सपल्सची २०२३ मध्ये आलेली प्रो नावाची आवृत्ती ८९ सेंटिमीटर उंच आहे. साध्या गाडीवर कोणी रॅलीचे लांब शॉकअप बसवलेले असतात. उलट, त्याच घरातली २०० टी ही ८० सेंटिमीटरच्या आत आहे, हिमालयनची बहीण स्क्रॅम ४११ तशीच, पण दोघींचं पोट जमिनीला अधिक जवळ. जाहिरातीत यातलं काही लिहिलेलं नसतं. घरून निघताना टेप बरोबर घ्यावी.

बसून बघायचं ते कुठं, हेही महत्त्वाचं. अंगणात, दुकानाच्या फरशीवर सगळ्या गाड्या जमतात. खरा रस्ता तसा नसतो. डांबरी रस्ता पाणी उतरावं म्हणून मधोमध फुगीर आणि कडेला उतरता केलेला असतो. आपण डावीकडून चालवतो. उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो, म्हणून टेकवायचा तो डावा. म्हणजे ज्या बाजूला जमीन लांब, नेमका त्याच बाजूला आपल्याला पाय टाकायचा असतो. एवढी साधी गोष्ट मला चाळीशीत, तीही एक हाड मोडल्यावर, कळली. आता मी कडेपासून हातभर आतच थांबतो, मागून कोणी हॉर्न वाजवला तरी. दोन्ही पाय टेकवायचा हट्टही सोडला. थांबण्याच्या आधी कंबर सीटवर थोडी डावीकडे सरकवायची, उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा आणि डावा पूर्ण तळवा रोवायचा. दोन चवड्यांपेक्षा एक तळवा बरा. प्रत्येक गाडी आम्ही आधी अशी कडेला थांबवून बघितली आणि मग एखाद्या पुलाच्या चढावर. विकणारे कंटाळत. कंटाळू देत.

गाडीच खाली उतरवून घेता येत नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. येते. मागच्या शॉकअपजवळची पट्टी बदलून गाडी खाली आणणारे कारागीर आहेत. पण मागची बाजू उतरवली की पुढचे पाइपही त्या मानानं वर सरकवावे लागतात, नाहीतर गाडी वळायला जड होते. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानं उलट्या बाजूला पडते. शिवाय ज्या मोकळ्या जागेसाठी ही गाडी घ्यायची तीच कमी होते. तेव्हा जुनी गाडी बघताना साइड स्टँडकडे अवश्य पाहा. तो कापून पुन्हा वेल्डिंग केलेला दिसला तर गाडी कधीतरी खाली उतरवलेली आहे असं समजावं आणि मूळ पट्टी मिळते का ते विचारावं.

त्यापेक्षा सीट कोरून घेणं सोपं. इथंही लोक चूक करतात, ती म्हणजे वरून फोम तासून सीट पातळ करतात. मनोर येईपर्यंत माकडहाड बोलायला लागतं. सीटवाल्याला सांगावं की वरून फक्त बोटभर काढ आणि मांडीच्या जागी दोन्ही बाजूंच्या कडा उतरव. माझ्या पायाला त्यानं जवळजवळ तीन सेंटिमीटर मिळवून दिले.

आता जुनेपणाची तपासणी. चेन, टायर, ब्रेक हे सगळे बघतातच. या जातीच्या गाडीत आणखी काही बघावं. पोटाखालची पत्र्याची ढाल किती चेपली आहे, यावरून गाडी कुठं-कुठं गेली ते कळतं. पुढचं चाक हवेत उचलून फिरवावं, रिम डुगडुगते का पाहावं, आणि तारांवर पान्यानं हलकेच टिचकी मारत जावं. घट्ट तार खणखणते, ढिली तार बद्द वाजते. चाक हवेत असतानाच हँडल हळू डावी-उजवीकडे वळवून कोनसेट मध्येच अडकतो का ते बघावं. आणि पोचल्याबरोबर इंजिनाजवळ हात नेऊन पाहावा. ते गरम असेल तर गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुरते की नाही हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, असं समजायला हरकत नाही.

वसईच्या गाडीला आणखी दोन शत्रू. एक खारा वारा. अर्नाळा, भुईगाव, रानगाव अशा किनाऱ्याच्या गावांत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या तारा, सायलेन्सरचे जोड आणि सीटखालचे नट आधी गंजतात. दुसरा शत्रू पुराचं पाणी. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या होत्या ते अनेकांच्या लक्षात असेल, आणि त्यानंतरही पाणी भरतच आलं आहे. अशा पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. पण सीट काढून बघावी. वायरींच्या जोडांत हिरवट बुरशीसारखा थर, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, मीटरच्या काचेत आतून वाफ. इंजिनाचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पुढं काही बोलूच नये, नमस्कार करून निघावं. आम्ही दोन ठिकाणांहून असे निघालो.

कागदांबद्दल थोडक्यात. इंजिन आणि चासीचे नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. कर्जाचा बोजा उतरला आहे का, ई-चलान थकलं आहे का, हे आता मोबाइलवर दिसतं. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सही करून घ्या, विमाही आपल्या नावावर करून घ्या. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिथलं ना-हरकत पत्र आणि इथला कर धरला की तितकी स्वस्त राहत नाही.

शेवटची परीक्षा माझ्या बायकोची होती. मागं माणूस चढताना बुटक्या चालकाची खरी कसोटी लागते. चढणारा पायट्यावर पाय देऊन घोड्यावर चढावं तसा चढतो, गाडी त्या बाजूला ओढली जाते, आणि आपण बोटांवर उभे. प्रत्येक गाडीवर ती तीनदा चढली, तीनदा उतरली. दहावी की अकरावी गाडी मला फार आवडली होती, रंग, आवाज, सगळं. ती चढताना माझी डावी टाच थरथरली. मी काही बोललो नाही. ती खाली उतरली आणि विकणाऱ्याला म्हणाली, "यांचे पाय टेकत नाहीत." मला वाटलं होतं मी शरमेनं जमिनीत जाईन. तसं काही झालं नाही. तो माणूस म्हणाला, "बरं झालं सांगितलंत," आणि त्यानं आम्हाला चहा दिला.

चौदावी गाडी आम्ही घेतली. २०२० ची एक्सपल्स, एम एच ४८ नंबर, एका हाताखालची, ढालीवर दोन पोचे, बाकी ठीक. घेतल्यावर पहिल्या रविवारी मैदानात जुन्या गाद्या टाकून मी ती मुद्दाम आडवी केली आणि एकट्यानं उचलायला शिकलो. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, बूड सीटला टेकवायचं, एका हातात जमिनीकडचं हँडल, दुसऱ्यात मागचा दांडा, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागं-मागं चालत जायचं. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उठलेली गाडी पलीकडे जाते. पहिल्या दोन वेळा ती गेलीच. हे सगळं जमल्यावर बायको मागं बसायला तयार झाली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी जव्हारला जाऊन आलो. विक्रमगडच्या बाजारात चहाला थांबलो होतो. निघताना मी गाडी सुरू करून वळवली तर ती जागेवर नाही. बघतो तो दहा पावलं पुढं एका दुकानाच्या ओट्यावर जाऊन उभी, हात करून मला तिकडं बोलावते आहे. ओट्याला लागून गाडी उभी केली. ती ओट्यावरून सरळ पाय टाकून मागं बसली. गाडी हललीसुद्धा नाही.